सादरीकरणातील फॉन्टबदल आणि देवनागरी मजकुराचे स्वातंत्र्य

१

विद्यापीठातील व्याख्यान, परिसंवाद आणि शोधप्रबंधाची मौखिक परीक्षा या तिन्ही प्रसंगी स्लाइडचे सादरीकरण आता फळा व खडू यांच्याइतकेच रूढ झाले आहे. या सादरीकरणांतील विचारांची चिकित्सा होते, संदर्भांची तपासणी होते, क्वचित् शुद्धलेखनाचीही चर्चा होते. परंतु पडद्यावर जी अक्षरे उमटतात त्यांच्या रूपाचा विचार मात्र बहुधा सजावटीच्या सदरात टाकून दिला जातो. फॉन्ट कोणता असावा हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, आणि तो बदलावयाचा झाल्यास एखाद्या आज्ञेने क्षणात बदलता येतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत कितपत टिकणारी आहे हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नेहमी आढळणारे उदाहरण घ्यावे. एखाद्या अभ्यासकाने चाळीस स्लाइडांचे मराठी सादरीकरण सिद्ध केलेले असते. आरंभीच्या स्लाइड त्याने स्वतः टंकलिखित केलेल्या असतात, मधल्या काही पूर्वीच्या व्याख्यानातून उचललेल्या असतात, आणि उतारे निरनिराळ्या ठिकाणांहून आणून चिकटविलेले असतात. परिणामी शीर्षके एका वळणाची, मजकूर दुसऱ्या वळणाचा आणि उतारे तिसऱ्याच वळणाचे, अशी त्या सादरीकरणाची अवस्था होते. आदल्या रात्री हे ध्यानात येते आणि अभ्यासक एकेक स्लाइड उघडून, मजकूर निवडून, फॉन्ट बदलू लागतो. पंधराव्या स्लाइडपर्यंत हात शिणतो, विसाव्या स्लाइडवरील तक्ता सुटतो, आणि तिसाव्या स्लाइडवर एक उतारा फॉन्ट बदलताच निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर उभा राहतो.

या प्रसंगात तीन निरनिराळे दोष एकत्र आले आहेत. पहिला श्रमाच्या पद्धतीचा, दुसरा आज्ञावलीच्या रचनेचा आणि तिसरा मराठी मजकुराच्या नोंदणीचा. पहिले दोन दोष थोड्या समजुतीने दूर होतात. तिसरा मात्र गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न अक्षराच्या देखणेपणाचा नसून मजकुराच्या अस्तित्वाचा आहे.

२

छापखान्याच्या काळात अक्षररूपाचे सातत्य हे मुद्दाम साधावे लागत नसे. ते साधनांच्या मर्यादेतूनच निष्पन्न होई. जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या ज्या पेट्या असत त्यांतूनच त्याला अक्षरे उचलावी लागत. देवनागरीची जोडाक्षरे व मात्रांचे प्रकार लक्षात घेता एका वळणाचा एका आकाराचा संच म्हणजे शेकडो खिळे, आणि तितकेच शिसे. साहजिकच कोणत्याही छापखान्याजवळ मोजकीच वळणे असत. जावजी दादाजी यांनी मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या टाइपात व टीका लहान टाइपात अशी जी व्यवस्था दिसते, तीत वाचकाला पानावर नजर टाकताच मूळ कोणते व भाष्य कोणते हे कळते. तेथे अक्षराचा आकार हे अलंकरण नव्हते. तो ग्रंथरचनेचाच एक भाग होता.

संगणकाने ही मर्यादा दूर केली. पॉवरपॉइंट ही आज्ञावली १९८७ मध्ये प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती निर्माण करणारी कंपनी विकत घेतली. तेव्हापासून प्रत्येक वक्ता हा स्वतःचा जुळारीही झाला. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र वळण देण्याची मुभा त्याच्या हाती आली. परंतु मुद्रणालयातील व्यवस्थापक, मुद्रितशोधक आणि अनुभवी जुळारी यांच्याकडून मिळणारी शिस्त मात्र त्या मुभेबरोबर आली नाही. सातत्य ही पूर्वी परिस्थितीने दिलेली देणगी होती. आता ती निर्णयाने मिळवावयाची वस्तू झाली आहे. म्हणून हा निर्णय कोठे नोंदला जातो, हा या चर्चेतील पहिला प्रश्न ठरतो.

३

सादरीकरणाच्या रचनेत चार पायऱ्या असतात. सर्वांत वर थीम असते. तीत शीर्षकाचा एक व मजकुराचा एक अशा दोन फॉन्टांची नोंद असते. थीमखाली स्लाइड मास्टर, त्याखाली निरनिराळे आराखडे, आणि सर्वांत खाली प्रत्यक्ष स्लाइड. वरच्या पायरीवर घेतलेला निर्णय खालच्या पायऱ्यांवर आपोआप उतरतो, मात्र खालच्या पायरीवर कोणी वेगळा निर्णय नोंदविला नसेल तरच. एखाद्या स्लाइडवरील शब्द निवडून त्याला हाताने फॉन्ट दिला की तो शब्द त्या वंशपरंपरेतून बाहेर पडतो. पुढे थीम कितीही वेळा बदलली तरी तो तिचे ऐकत नाही.

एवढे ध्यानात घेतले असता प्रचलित तीन उपायांचे मूल्यमापन सोपे होते. स्लाइडमागून स्लाइड हाताने बदलणे हा पहिला उपाय. तो केवळ कष्टाचा आहे एवढाच त्याचा दोष नव्हे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर वंशपरंपरेबाहेरचा एकेक शब्द वाढत जातो, आणि आजची दुरुस्ती ही उद्याच्या विसंगतीचे बीज ठरते.

दुसरा उपाय फॉन्ट बदलण्याच्या सामुदायिक आज्ञेचा. संपादनाच्या विभागात ‘बदला’ या आज्ञेखाली ती सापडते; कोणत्या फॉन्टाऐवजी कोणता हवा हे सांगितले की सर्व सादरीकरणभर ती अदलाबदल होते. ही आज्ञा उपयुक्त आहे, विशेषतः परक्या फाइलीतून घुसलेला एखादा फॉन्ट हुडकून काढण्यासाठी. परंतु ती नावाच्या जागी नाव ठेवते. ते नाव तेथे कोणत्या कामासाठी योजले होते हे ती विचारीत नाही. एकच फॉन्ट शीर्षकात आणि तळटीपेत वापरलेला असेल आणि त्यांपैकी केवळ शीर्षकातीलच बदलावयाचा असेल, तर ही आज्ञा निरुपयोगी ठरते.

तिसरा उपाय थीममधील फॉन्टांची जोडी बदलण्याचा. तत्त्वतः हाच खरा उपाय होय, कारण येथे निर्णय एकाच जागी घेतला जातो आणि त्याला नाव मिळते ते फॉन्टाचे नव्हे, तर कार्याचे: हे शीर्षक, हा मजकूर. ज्या स्लाइडवर हाताने केलेले बदल शिल्लक असतील तेथे ‘पूर्ववत् करा’ ही आज्ञा देऊन आराखड्यातील जागा मूळ रूपात आणता येतात. अर्थात् स्वतंत्रपणे काढलेल्या मजकूरचौकटी या आज्ञेच्या कक्षेत येत नाहीत, आणि चित्र म्हणून चिकटविलेल्या मजकुराला तर कोणताच उपाय लागू पडत नाही. म्हणून आरंभीच मजकूर आराखड्यातील नेमून दिलेल्या जागी लिहिणे, आणि बाहेरून आणलेला मजकूर चिकटविताना मूळ रूप न राखता नव्या सादरीकरणाचे रूप स्वीकारणारा पर्याय निवडणे, या दोन सवयींनी निम्म्याहून अधिक विसंगती जन्मासच येत नाही.

४

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेतील सादरीकरणाला लागू आहे. या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन येथेच थांबते, आणि नेमके येथेच मराठी अभ्यासकाचे समाधान होत नाही. त्याने थीम बदललेली असते, रोमन अक्षरे बदललेलीही दिसतात, परंतु देवनागरी अक्षरे जागची हालत नाहीत.

याचे कारण आज्ञावलीच्या अंतर्गत रचनेत आहे. पॉवरपॉइंटमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला एक फॉन्ट नसून त्याची लिपीनिहाय घरे असतात: एक लॅटिन लिपीचे, एक पूर्व आशियाई लिप्यांचे आणि एक जटिल लिप्यांचे. अरबी, हिब्रू, थाई यांच्या पंक्तीला देवनागरीची गणना या तिसऱ्या घरात होते. थीममधील शीर्षक व मजकूर या दोन्ही फॉन्टांना हीच घरे असतात. शिवाय लिपीवार पर्यायांची एक यादीही तेथे असते, आणि ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीपुढे ‘मंगल’ हे नाव लिहिलेले आढळते. हा फॉन्ट विख्यात सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला व विंडोज २००० बरोबर तो घरोघर पोहोचला. संगणकाच्या पडद्यावर मराठी प्रथमच सुस्थिरपणे दिसू लागली यात या फॉन्टाचा वाटा मोठा आहे. परंतु ज्याने थीममध्ये केवळ लॅटिन घरातील नाव बदलले, त्याच्या देवनागरीला तो बदल कळण्याचे कारणच नाही. लिबरऑफिस या मुक्त आज्ञावलीतही पाश्चात्त्य, आशियाई व जटिल लिप्यांचे फॉन्ट असाच भेद केलेला आहे. म्हणजे हा एकाच निर्मात्याचा विक्षेप नव्हे.

या विभागणीचा एक सूक्ष्म परिणाम मराठी ओळीत दिसून येतो. मराठी वाक्यात रोमन कळफलकावरून टाकलेले आकडे लॅटिन घरात जातात आणि देवनागरी आकडे जटिल घरात. स्वल्पविराम, अवतरणचिन्हे व कंस ही दोन्ही लिप्यांना समाईक असल्यामुळे तीही पुष्कळदा लॅटिन फॉन्टातून उचलली जातात. त्यामुळे शब्द एका वळणाचा व त्याला चिकटलेला स्वल्पविराम दुसऱ्या वळणाचा, असे मिश्रण होते. वाचकाला दोष दाखविता येत नाही, पण ओळ कोठेतरी खटकते. यावर उपाय म्हणजे दोन्ही घरांत असा एकच फॉन्ट योजणे की ज्यात देवनागरी व रोमन ही दोन्ही वळणे परस्परांना साजेशी घडविलेली आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्तपणे उपलब्ध असलेला फॉन्ट या प्रकारचा आहे. आकड्यांच्या बाबतीत एकच पद्धती आरंभापासून अखेरपर्यंत पाळणे, हा तर साधा संपादकीय शिरस्ता होय.

५

आता तिसऱ्या व सर्वांत गंभीर दोषाकडे वळावे. आरंभीच्या उदाहरणातील तिसाव्या स्लाइडवरचा उतारा फॉन्ट बदलताच रोमन अक्षरांची रांग का झाला?

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. ते स्थान भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या इस्की या प्रमाण संकेताच्या १९८८ मधील रूपावर आधारलेले होते. परंतु प्रत्यक्ष वापरात युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि मुद्रणव्यवसायात त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर निराळ्याच युक्तीने लिहिला जात होता. ती युक्ती अशी की, संगणकाला मजकूर रोमनच आहे असे सांगावयाचे आणि फॉन्टात रोमन अक्षराच्या घरात देवनागरी आकृती बसवावयाची. ‘कृतीदेव’ या परिचित फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द लिहिला असता संगणकाच्या स्मरणात प्रत्यक्षात रोमन ई, जे, के, मोठा बी व एच ही पाच अक्षरे साठविली जातात. त्यांना मराठीपण येते ते केवळ त्या फॉन्टाच्या पडद्याआडून पाहिल्यावर. पडदा बाजूला सारला की मराठी नाहीशी होते.

ही तात्पुरती सोय होती व तिने तीन दशकांच्या आसपास मराठीची मोठी सेवा केली, हे मान्य करावेच लागेल. वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, नियतकालिके व प्रबंध या सोयीवर निघाले. परंतु तिच्यात फॉन्ट आणि मजकूर यांचे नाते उलटे झाले होते. फॉन्ट हे मजकुराचे रूप असावयाचे, ते येथे मजकुराचा अर्थ होऊन बसले. म्हणून अशा मजकुराचा फॉन्ट बदलणे म्हणजे वेष बदलणे नव्हे, तर भाषा पुसून टाकणे होय. त्यातही प्रत्येक फॉन्टाचे घरांचे वाटप वेगळे असल्यामुळे एका अशा फॉन्टातील मजकुराला तसाच दुसरा फॉन्ट लावला तरी कित्येकदा रोमन रांगेऐवजी चुकीच्या देवनागरी अक्षरांची खिचडी मिळते. ही अवस्था अधिक घातक, कारण रोमन रांग निदान आपला दोष उघड करते.

ह्रस्व वेलांटीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. उच्चारात ती व्यंजनानंतर येते, लेखनात व्यंजनाच्या डावीकडे दिसते. युनिकोड उच्चारक्रमाने साठविते व दर्शनाची व्यवस्था फॉन्टावर सोपविते; जुने फॉन्ट दिसणाऱ्या क्रमाने, म्हणजे वेलांटी आधी व व्यंजन नंतर, असे साठवितात. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधारणा परिषदेने ह्रस्व वेलांटी उजवीकडे लिहिण्याची शिफारस केली होती; ती समाजाने स्वीकारली नाही व पुढे सोडून द्यावी लागली. यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकविण्याचा तो एक प्रयत्न होता. युनिकोडने लिपीचे दर्शनरूप कायम ठेवून तोच प्रश्न साठवणीच्या क्रमात सोडविला. जुन्या मजकुराचे रूपांतर करणाऱ्या आज्ञावली असतात. परंतु वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांच्या जागी त्या चुकू शकतात. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारणे हे संशोधनाच्या शिस्तीत बसणारे नाही. हस्तलिखिताच्या नकलेवर जो अविश्वास पाठचिकित्सक दाखवितो, तोच येथेही दाखविला पाहिजे.

६

मजकूर युनिकोडमध्ये आला म्हणजे सर्व चिंता मिटली असेही नाही. मराठीची काही अक्षरे अशी आहेत की जी फॉन्टाची परीक्षाच घेतात.

पहिली परीक्षा ‘ल’ व ‘श’ यांची. महाराष्ट्र शासनाने २००९ मधील निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे प्रमाण मानली. हिंदीत प्रचलित असलेली दंडयुक्त ‘ल’ व गाठयुक्त ‘श’ ही रूपे त्याहून भिन्न आहेत. युनिकोडमध्ये या दोन रूपांना निरनिराळे क्रमांक नाहीत. रूप ठरते ते फॉन्टावरून. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल व आज्ञावली त्या नोंदीची दखल घेत असेल, तर मराठी रूप दिसते. त्यामुळे एकाच फॉन्टातील एकाच सादरीकरणात भाषेची नोंद सर्वत्र सारखी नसेल, तर दोन प्रकारचे ‘ल’ दिसण्याचा संभव राहतो. फॉन्ट एक करूनही सातत्य न साधल्याचे हे विलक्षण उदाहरण आहे.

दुसरी परीक्षा अर्ध्या ‘ऱ’ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरुजन व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांत समुद्र व डोंगरांमधील खोलगट भाग एवढे. ज्या फॉन्टाला हे रूप नीट जुळविता येत नाही, तो एकतर अक्षर तोडून पायमोडके दाखवितो किंवा त्याजागी भलतेच काही मांडतो. सत्कारसमारंभाच्या स्लाइडवर हा दोष घडल्यास त्याचे परिणाम केवळ भाषिक राहत नाहीत.

तिसरी परीक्षा ‘ॲ’ची. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी घडविलेल्या फॉन्टात ते नसण्याचा संभव आहे. अशा वेळी संगणक ते एक अक्षर दुसऱ्या फॉन्टातून उसने आणतो, आणि ‘ॲरिस्टॉटल’ या शब्दाचा पहिला स्वर परका दिसू लागतो.

यांखेरीज दोन गोष्टींचा उल्लेख थोडक्यात करणे पुरेसे आहे. रोमन मुद्रणात ग्रंथनामे व अवतरणे यांसाठी तिरप्या अक्षरांचा संकेत आहे. देवनागरीच्या फार थोड्या फॉन्टांत तिरपे वळण स्वतंत्रपणे घडविलेले असते. एरव्ही आज्ञावली उभ्या अक्षरालाच ढकलून वाकविते व शिरोरेषेखाली काने कलंडल्यासारखे दिसतात. तेथे अवतरणचिन्हे वा ठळक अक्षरे हाच मराठी मुद्रणाचा जुना मार्ग अधिक श्रेयस्कर. तसेच समान अंकमापाचे दोन फॉन्ट डोळ्याला समान आकाराचे दिसत नाहीत. मंगलच्या ओळींत अंतर ऐसपैस असते. त्याऐवजी दुसरा फॉन्ट येताच ओळी सरकतात, तक्त्यातील शब्द मोडतात, शीर्षक दोन ओळींत जाते. म्हणून फॉन्टबदलानंतर सर्व स्लाइड एकदा आरंभापासून अखेरपर्यंत पाहणे अपरिहार्य आहे.

७

या सर्व विवेचनावरून सर्वत्र एकच फॉन्ट असावा असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. सातत्य म्हणजे एकविधता नव्हे. समान कार्याला समान रूप व भिन्न कार्याला ओळखता येईल असे भिन्न रूप, हे सातत्याचे खरे लक्षण आहे. निर्णयसागरच्या पानावर मूळ व टीका यांना दिलेली भिन्न रूपे ही विसंगती नव्हती, ती सुसंगतीच होती. बोलीच्या अभ्यासात उच्चारलेखनाची चिन्हे, शिलालेखाच्या वाचनात अस्पष्ट अक्षरांच्या खुणा, मोडीचा नमुना, यांना स्वतंत्र वळण देणे आवश्यकच आहे. मात्र ते प्रत्येक स्लाइडवर तेच असले पाहिजे. फॉन्ट बदलण्याच्या सामुदायिक आज्ञेचा खरा धोकाही हाच: ती विसंगतीबरोबर अर्थपूर्ण भेदही पुसून टाकते.

व्यवहारात यातून एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम जुन्या संकेतातील मजकूर शोधून त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे व तो मुळाशी ताडावा. नंतर भाषेची नोंद सर्वत्र मराठी करावी. त्यानंतर थीममध्ये लॅटिन व जटिल या दोन्ही घरांत फॉन्ट ठरवावा, हाताने दिलेले बदल काढून टाकावेत, आणि जे चुकार फॉन्ट उरतील त्यांच्यापुरतीच सामुदायिक बदलाची आज्ञा वापरावी. अखेरीस परवाना अनुकूल असेल तर फॉन्ट फाइलीतच अंतर्भूत करून ठेवावा; नाहीतर परक्या सभागृहातील संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे सारी व्यवस्था व्यर्थ जाण्याचा संभव राहतो. रूढ पद्धतीत नेमका उलटा क्रम आढळतो. तेथे आरंभ सामुदायिक आज्ञेने होतो, आणि मजकूर कोणत्या संकेतात आहे याचा शोध सर्वांत शेवटी, बहुधा सभेपुढेच, लागतो.

मराठीच्या विभागांतून गेल्या तीन दशकांत सिद्ध झालेली कित्येक टिपणे, व्याख्याने व सादरीकरणे अद्याप त्या जुन्या फॉन्टांच्या पडद्याआड आहेत. जोवर तो फॉन्ट संगणकावर आहे तोवर ती वाचता येतात. तो गेला की त्यांतील मराठी कोणत्याही शोधयंत्रास सापडणार नाही व नव्या वाचकास उलगडणार नाही. सादरीकरणाचा फॉन्ट बदलण्याचा क्षुल्लक वाटणारा प्रसंग या मोठ्या हानीची पूर्वसूचना देतो, आणि हेच त्याचे महत्त्व आहे. ज्या मजकुराला निर्भयपणे दुसरा फॉन्ट लावता येतो तोच मजकूर सुरक्षित होय. ही कसोटी प्रत्येक अभ्यासकाने आपल्या संग्रहातील एका जुन्या स्लाइडवर लावून पाहिली, तरी पुढील कार्य कोठून आरंभावे हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.